अँटिबायोटिक चालू असताना दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या

‘गोळ्या वेळेवर घेतल्या, पण गुण आला नाही,’ असे कोणी सांगितले की आम्ही औषध दुकानातले आधी विचारतो, गोळी कशाबरोबर घेतली? पुष्कळदा उत्तर येते, दुधाबरोबर. गरम पडू नये म्हणून.

सगळ्याच अँटिबायोटिकना दूध वर्ज्य नाही. अमॉक्सिसिलिनचे काही बिघडत नाही. अडचण आहे ती सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही मंडळी आणि टेट्रासायक्लीन, डॉक्सीसायक्लीन यांची. यांच्या रेणूत ऑक्सिजनचे अणू असे शेजारी-शेजारी असतात की कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचा आयन भेटताच ते त्याला चिमट्यासारखे पकडतात. ही जोडी आतड्यातून रक्तात नीट शिरत नाही, शौचावाटे निघून जाते. डोस पुरा गिळलेला, पण जंतूंपर्यंत अर्धामुर्धाच पोचतो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ते ॲसिडिटीचे पातळ औषध. त्यात बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते. सिप्रोसोबतच घेतले, तर सिप्रोचा बराचसा भाग फुकट जातो. ॲसिडिटीच्याच पँटोप्रॅझोल गोळीचे काम वेगळ्या पद्धतीने चालते. तिची ही भानगड नाही.

सिप्रो घेतल्यावर किमान 2 तास कॅल्शियम, रक्तवाढीची गोळी, झिंक, मल्टिव्हिटॅमिन किंवा अँटासिड नको. यातले काही आधीच पोटात गेले असेल, तर सिप्रोसाठी 6 तास थांबा. जेवणातल्या वाटीभर दह्याने घाबरायचे कारण नाही; नुसत्या दुधाबरोबर मात्र सिप्रो घेऊ नका. डॉक्सीला दूध त्या मानाने कमी बाधते, लोह जास्त. त्यात 2 ते 3 तासांचे अंतर हवे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी) डॉक्टर डॉक्सी देतात, तेव्हाही हेच. ती पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते.

टेट्रासायक्लीन वाढत्या दातांतल्या कॅल्शियमलाही चिकटते आणि दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. म्हणून 8 वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बाईला घरात उरलेली गोळी कधीही देऊ नका.

गंमत म्हणजे जंतूच्या पेशीत पोचल्यावर याच औषधांना काम करायला मॅग्नेशियम लागते! भाजल्यावर लावायच्या सिल्व्हर सल्फाडायझिन मलमात तर चांदीच जंतू मारते. धातूशी वैर नाही, आतड्यात गाठ पडू नये एवढेच.

चिठ्ठी दाखवताना घरी चालू असलेल्या कॅल्शियम-लोहाच्या गोळ्याही सांगा. कोणती कधी घ्यायची, ते आम्ही पाकिटावर लिहून देतो.