वैमानिकाचा पगार उड्डाणाच्या तासांनी भागू नका

‘वैमानिक महिन्याला जेमतेम ७५ तास काम करतो आणि गलेलठ्ठ पगार घेतो’ हा हिशेब वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातला भागाकारच चुकीचा आहे.

ते ७५ तास म्हणजे ‘ब्लॉक टाइम’: विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतचा वेळ. त्याआधीची हजेरी, हवामान व इंधनाची तपासणी, दोन फेऱ्यांमधली थांबणूक, स्टँडबाय (बोलावणं आलं तर निघण्यासाठी सज्ज राहणं) यातलं काहीच त्यात येत नाही. युरोपीय नियमांत २८ दिवसांत उड्डाण जास्तीत जास्त १०० तास, पण ड्यूटी १९० तासांपर्यंत चालते. फरक एवढा मोठा आहे! ७५ तासांच्या उड्डाणामागे ड्यूटी १५० तास झाली, तर ताशी दर थेट निम्मा होतो. परगावच्या हॉटेलातल्या रात्री वेगळ्याच.

शिवाय आकडे सांगितले जातात ते बहुधा मोठ्या विमानांच्या ज्येष्ठ कॅप्टनचे. नव्या को-पायलटचा पगार त्याच्या जवळपासही नसतो, आणि त्यातून बऱ्याचदा प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता जातो. इतर पेशांशी तुलना करायची तर संपूर्ण कारकिर्दीची करावी. वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्या वैमानिकाला उडता येत नाही, अनेक कंपन्यांत उड्डाण भत्ताही थांबतो.