नाऊरू

नाऊरू : पॅसिफिक महासागरातील, मायक्रोनेशियात मोडणारे एकाच बेटाचे प्रजासत्ताक, जगातील सर्वांत लहान. क्षेत्रफळ सुमारे २१ चौ. किमी., लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास. बेट विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असून सर्वांत जवळचा शेजारी, किरिबातीचे बानाबा बेट, सुमारे ३०० किमी. पूर्वेस आहे. देशाला अधिकृत राजधानी नाही. संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन जिल्ह्यात विमानतळालगत आहेत.

बेट उंचावलेल्या प्रवाळखडकाचे आहे. कडेने अरुंद, सुपीक किनारपट्टी असून नारळ आणि बहुतेक वस्ती तिथेच. नदी एकही नाही, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे समुद्राचे पाणी गोडे करून प्यावे लागते. मधल्या पठाराला ‘टॉपसाइड’ म्हणतात. तिथे चुनखडीच्या सुळक्यांमधील खाचांत उत्तम प्रतीचे फॉस्फेट (खताचा कच्चा माल) ठासून भरलेले होते. ते उपसून नेल्यावर नुसते सुळके उरले, काही तर तिमजली इमारतीएवढे. बेटाच्या सुमारे चार-पंचमांश भागाची ही गत झाली. तिथे शेती नाही आणि घर बांधण्याजोगी सपाट जागाही नाही.

१८८८ मध्ये जर्मनीने बेट ताब्यात घेतले. सिडनीतील एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेल्या नाऊरूच्या दगडाची ॲल्बर्ट एलिस यांनी तपासणी केली आणि १९०० च्या सुमारास हे घबाड उघडकीस आले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी खाणी संयुक्तपणे चालवल्या आणि आपल्या शेतकऱ्यांना बाजारभावापेक्षा स्वस्तात खत पुरवले. नाऊरूच्या हाती नाममात्र स्वामित्वशुल्क पडले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सुमारे १,२०० नाऊरूवासीयांना ट्रुक बेटांवर हलवले. वाचलेले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परतले. पुढे १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी मुद्दाम हीच तारीख निवडली गेली. त्याआधी सगळ्यांनाच ऑस्ट्रेलियाच्या कर्टिस बेटावर वसवण्याचा प्रस्ताव आला होता; स्वतंत्र राष्ट्र म्हणून ओळख पुसली जाईल म्हणून तो नाकारण्यात आला.

नैसर्गिक बंदर नसल्याने आयवो येथे समुद्रावर झेपावलेल्या अजस्र लोखंडी कॅन्टिलिव्हरवरून फॉस्फेट थेट जहाजात ओतले जाई. १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात नाऊरू जगातील आघाडीच्या देशांत गणला जाई. खनिज संपणार हे ठाऊक असल्याने विश्वस्त निधी उभारला होता, कल्पना शहाणपणाचीच होती. पण मेलबर्नमधील ५२ मजली नाऊरू हाऊसपासून लंडनमधील एका फसलेल्या संगीतिकेपर्यंत पैसा कुठे कुठे गुंतवला गेला आणि निधी आटला. उत्खननाने झालेल्या नासधुशीबद्दल नाऊरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

आज देशाचे चलन ऑस्ट्रेलियन डॉलरच आहे. उत्पन्न मुख्यतः परदेशी बोटींना दिलेल्या ट्यूना मासेमारीच्या परवान्यांतून आणि ऑस्ट्रेलियाने २००१ पासून (मध्ये काही वर्षे बंद ठेवून) इथे चालवलेल्या, बोटींतून आलेल्या आश्रयार्थींच्या केंद्रातून येते. या केंद्रावर मानवी हक्कांच्या अंगाने कडक टीका झाली आहे; तरी त्यावाचून सरकारी खजिन्याचे भागत नाही. वाढत्या समुद्रपातळीमुळे किनाऱ्यावरची वस्ती पठारावर नेण्याची योजना असून त्यासाठी २०२५ पासून पैसे घेऊन नागरिकत्व दिले जाते.

संसदेत १९ सदस्य असून मुदत तीन वर्षांची असते. सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात. तोच राष्ट्रप्रमुख आणि शासनप्रमुख. मतदान सक्तीचे असून मतदार सर्व उमेदवारांना पसंतीक्रम देतो: पहिल्या पसंतीला एक गुण, दुसरीला अर्धा, तिसरीला एक-तृतीयांश. पक्षव्यवस्था फारशी रुजलेली नसल्याने दोन-तीन सदस्य फिरले की सरकार पडते. बर्नार्ड डोवियोगो तर सात वेळा अध्यक्ष झाले. परराष्ट्र धोरणही असेच फिरत आले आहे: २००२ मध्ये चीनला मान्यता, २००५ मध्ये पुन्हा तैवानला आणि जानेवारी २०२४ मध्ये परत चीनला.