खाजणाच्या बांधापासून धारण तलावापर्यंत : नवी मुंबईत भरतीचं पाणी का शिरतं

वाशी, नेरूळ, बेलापूरचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पाणी तुंबलं की बोलणं नालेसफाईपाशी थांबतं, पण दुखणं त्याहून जुनं आहे.

शहर येण्याआधी इथे आगरी-कोळ्यांची खाजणं होती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेतं. खाडीतला चिखल रचून बाहेरकाठ, म्हणजे बाहेरचा बांध घालायचा आणि त्यात उघाड्या, म्हणजे झडपेची दारं ठेवायची. ओहोटीला शेतातलं पाणी उघाडीतून निघून जाई, भरतीला बाहेरच्या दाबाने झडप आपोआप मिटे. पावसाने मीठ धुऊन नेलं की भात लागे. बांधाला खरा धोका खेकड्यांचा. त्यांच्या बिळातून पाणी झिरपतं, उधाणात बीळ रुंदावतं आणि खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. म्हणून उधाणाआधी बांध पायी फिरून पाहायचा, बिळं चिखल ठोकून बुजवायची. शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध राखायची जबाबदारी शिलोतरदारावर असे आणि त्यासाठी तो शेतकऱ्यांकडून धान्य घेई. एका खांडीने सगळ्यांचं शेत खारं होणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. भराव टाकून सगळी जमीन उंच करणं फार खर्चाचं, म्हणून डच धर्तीवर धारण तलाव खोदले. तत्त्व उघाडीचंच: भरतीला फ्लॅप गेट (झडपेचं दार) बंद, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला गेट उघडून खाडीत जातं. उघाडीची युक्ती शहराने उचलली, बांध राखणारी माणसं मात्र व्यवस्थेबाहेर राहिली. ही चूक आम्हाला सर्वांत महाग पडलेली वाटते.

कारण गेट फार थोडक्यात बिघडतं. झडपेत प्लॅस्टिक किंवा ओंडका अडकला, बिजागरी गंजली, की फट राहते. दर भरतीला, म्हणजे दिवसातून दोनदा, त्या फटीतून गढूळ पाणी आत येतं आणि आत ते संथ झाल्यामुळे गाळ खाली बसतो. पारसिकच्या डोंगरउतारावरची मातीही नाल्यांतून तिथेच येते. तळ वर आला की ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर तिवरांची (खारफुटीची) रोपं धरतात. ज्या तलावात पाणी मावायचं, तिथे आता चिखल आणि झाडं.

यातच गाळ काढायची वाट अडली. २००५ मध्ये आणि पुढे २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल तोडण्यास मनाई केली, भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम रोखलं. ही मनाई अत्यंत गरजेची होती. तिच्याविना किनाऱ्यावर भरावच भराव दिसला असता. आता धारण तलावातल्या तिवरांना हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते.

ती मिळेतोवर करता येण्यासारखं काम गेटपासून सुरू होतं: पावसाळ्याआधी ओहोटीच्या वेळी झडप, बिजागरी आणि रबरी सील तपासायचं, मग उधाणाच्या भरतीला आतल्या बाजूने झिरपा पाहायचा. गाळ काढायचा तो रोपं धरण्याआधी, उघड्या भागातला. झाड उभं राहिल्यावर प्रश्न फावड्याचा राहत नाही, कोर्टाचा होतो.