मुंबईच्या बाजारातील क्यूआर पेमेंट

दुकानात, हातगाडीवर किंवा रिक्षात लावलेला कोड मोबाइलने स्कॅन करून थेट बँक खात्यातून पैसे देण्याची पद्धत. तिच्यामागची यूपीआय ही प्रणाली एनपीसीआय (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) या संस्थेची असून ती ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतच सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओचा स्वस्त डेटा आला आणि ८ नोव्हेंबरला नोटबंदी जाहीर झाली. पण दहा रुपयांच्या कोथिंबिरीपर्यंत ही पद्धत पोचली ती मुख्यतः शुल्क नसल्यामुळे: जानेवारी २०२० पासून ग्राहकाच्या बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेण्याबद्दल दुकानदाराकडून काहीच कापले जात नाही.

मुंबईत तिने सोडवला तो सुट्ट्या पैशांचा प्रश्न. उदाहरणार्थ, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. रोखीने पन्नासची नोट दिली की २४ रुपये परत देताना वाद होतात.

व्यवहार कसा होतो. कोडमध्ये दुकानदाराचा यूपीआय आयडी आणि नाव असते. ग्राहक रक्कम व चार किंवा सहा आकडी पिन टाकतो; त्याची बँक खात्यातून पैसे वळते करते, एनपीसीआय तो निरोप दुकानदाराच्या बँकेकडे नेते आणि तिथे रक्कम जमा होते. या साखळीतली एखादी बँक अडली की व्यवहार लटकतो. ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतात तेव्हा दोष बहुधा रेंजचा नसून बँकेचा असतो. अशा वेळी यूपीआय लाइट उपयोगी पडते: त्यात आधीच भरून ठेवलेल्या पाच हजारांपर्यंतच्या रकमेतून, एका वेळी हजार रुपयांपर्यंत, पिनशिवाय पैसे जातात आणि प्रत्येक वेळी ग्राहकाच्या खात्याला हात लावावा लागत नाही.

कुठे बिघडते. पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या स्पीकरमध्ये स्वतःचे सिमकार्ड असते. मंडईच्या आतल्या गाळ्यात त्याला रेंज नसेल तर रक्कम जमा होऊनही तो गप्प राहतो. गिऱ्हाईक खरे बोलत असते, दुकानदारही खरा असतो, आणि मागे रांग वाढत जाते. उलट, ग्राहकाने दाखवलेला हिरवा टिकमार्क किंवा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. तशी खोटी स्क्रीन दाखवणारी ॲप फिरत असतात. आपल्या खात्यातली नोंद पाहूनच माल द्यावा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक जुळवला की वाद मिटतो.

पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर घाईने दुसऱ्यांदा देऊ नयेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

कोडवर दुसराच स्टिकर चिकटवण्याचा प्रकारही होतो. पिन टाकण्याआधी ग्राहकाच्या स्क्रीनवर नाव दिसते, म्हणून जाणते दुकानदार ‘नाव काय येतंय?’ असे विचारून घेतात. रात्री कोडची पाटी आत घेणे हा साधा उपाय. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी मागितला तर ती फसवणूक समजावी आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

खाते कोणाचे. ही बाजू फारशी बोलली जात नाही. मासळी बाजारात कोळणीच्या फळीवर टांगलेला कोड पुष्कळदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा असतो. पूर्वी संध्याकाळी गल्ला तिच्या बटव्यात असे. आता पापलेट तिने विकले तरी मेसेज दुसऱ्याच्या फोनवर जातो. पहाटे ससून डॉकवर माल उचलायला पैसे तिच्या हाताशी लागतात, ते तिला मागून घ्यावे लागतात. स्पीकरमुळे रक्कम ऐकू येते, पण खर्चाचा अधिकार मिळत नाही.

उपाय अवघड नाही. बँकेत तिच्या खात्याला तिचाच मोबाइल नंबर जोडायचा. ते सिम असलेल्या फोनवरून ॲपची नोंदणी करायची. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे व मुदत टाकून, किंवा आधारच्या ओटीपीने, पिन ठरवायचा. मग त्या खात्यावर कोड घ्यायचा. ओल्या हातांनी दिवसभर फोन उघडावा लागत नाही, कारण स्पीकर कोडला जोडलेला असतो. फोन किंवा सिम बदलले तर नोंदणी पुन्हा करावी लागते आणि नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास पैसे पाठवण्यावर साधारण पाच हजारांची मर्यादा असते. मोठी खरेदी असेल त्याच्या आदल्या दिवशी हा बदल करू नये.