‘युरिक ॲसिड’ हा आजार कधीपासून झाला?

युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साठून ते सुजतात, तो आजार म्हणजे गाऊट. पण पुण्यात हल्ली ‘मला गाऊट आहे’ असं फारसं कुणी म्हणत नाही. ‘मला युरिक ॲसिड आहे’ असं म्हणतात. ‘मला बीपी आहे’, ‘मला शुगर आहे’ त्याच चालीवर. युरिक ॲसिड खरं तर प्रत्येकाच्या रक्तात असतं. पेशींची मोडतोड होताना ते तयार होतं, साधारण दोन तृतीयांश मूत्रपिंडं बाहेर टाकतात आणि उरलेलं आतड्यावाटे जातं. तरीही तपासणीचं नाव आजाराचं नाव होऊन बसलं.

जुनं नाव आपल्याकडे होतं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला २९ वा अध्याय वातरक्ताचा आहे. हातापायांत सुरू होऊन पुढे पसरणारा हा विकार, आणि त्याचं एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे धनिकांचा वात. गाऊटशी साम्य मोठं आहे, पण दोन्ही तंतोतंत एक नव्हेत. त्या वर्णनात त्वचेची लक्षणंही बरीच येतात. घरगुती मराठीत मात्र वातरक्त रुळलंच नाही. रुळला तो संधिवात. गुडघ्याची झीज झाली तरी संधिवात, बोटं सुजून सकाळी आखडली तरी संधिवात, मध्यरात्री अंगठा लालबुंद होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसेना तरी संधिवातच. तीन वेगळे आजार, तीन वेगळे उपचार, शब्द एक. युरिक ॲसिडला आजाराचं नाव मिळालं ते या पोकळीत, असं मला वाटतं.

पाश्चात्त्य वैद्यकातला प्रवास थोडक्यात सांगता येतो. १७७६ मध्ये मूतखड्यात हे आम्ल सापडलं. १८४८ मध्ये लंडनमधल्या एका डॉक्टरांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेलं असल्याचं दाखवलं. १९६१ मध्ये सांध्यातल्या पाण्यात सुईसारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता आले, तेव्हा कारण पक्कं झालं. १९६६ पासून युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल औषध म्हणून अमेरिकेत मिळू लागलं. ते आजही पहिल्या पसंतीचं आहे.

आपल्या गोंधळाची सुरुवात खूप नंतरची, पॅकेज तपासण्यांच्या काळातली. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांची वार्षिक तपासणी, पेठांमधली ज्येष्ठांसाठीची सवलतीची ‘फुल बॉडी’, सकाळी उपाशीपोटी घरी येऊन रक्त नेणारा मुलगा. काहीही दुखत नसलेल्या हजारो लोकांच्या हातात एक आकडा पडू लागला आणि तो ठळक अक्षरांत छापलेला असला की धसका बसू लागला.

इथे तीन आकड्यांची गल्लत होते. रिपोर्टवर पुरुषांसाठी वरची मर्यादा बहुधा ७ किंवा ७.२ छापलेली असते. निरोगी दिसणाऱ्या बहुतेक लोकांत जे आढळतं त्यावरून ती काढलेली. दुसरा आकडा ६.८. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये साधारण इतके मिलिग्रॅम युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, विरघळू शकतं, त्यापुढे स्फटिक बनण्याची शक्यता सुरू होते. तिसरा ६. ज्याला गाऊट झालेला आहे, त्याचा आकडा गोळीने याखाली ठेवायचा असतो, म्हणजे साठलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. हे तिसरं ध्येय निरोगी माणसाला लावलं, की ६.४ वालाही रुग्ण ठरतो.

मग लक्षणं नसताना औषध द्यायचं का? वाद इथेच आहे. अमेरिकेतल्या संधिरोगतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सरसकट देऊ नका म्हणतात. जपानमध्ये आकडा ८ च्या वर आणि जोडीला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असला, तर औषधाचा विचार करतात. वाढलेलं युरिक ॲसिड रक्तदाब, मूत्रपिंड आणि हृदयविकाराच्या सोबतीने दिसतं, यात शंका नाही. पण सोबत असणं म्हणजे कारण असणं नव्हे. २०२० मधल्या दोन चाचण्यांत ॲलोप्युरिनॉलने मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही. २०२२ मधल्या मोठ्या चाचणीत हृदयरुग्णांनाही फायदा दिसला नाही. एका अभ्यासात आकडा १० च्या वर असलेल्यांपैकीही १५ वर्षांत सुमारे निम्म्यांनाच गाऊट झाला. एवढं समोर असताना केवळ ७.५ पाहून गोळी सुरू करणं मला पटत नाही. आधी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का हे पाहावं. तीही आकडा चढवते.

डाळीचं तर मला वाईटच वाटतं. कितीतरी घरांत आकडा आला की तुरीची आमटी, पालक, फ्लॉवर बंद होतात, आणि म्हातारी माणसं भात-ताकावर राहून अशक्त होतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ४७ हजार अमेरिकी पुरुषांना १२ वर्षं पाहिलेल्या अभ्यासात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढलेला दिसला. प्युरिन (शरीरात ज्याचं युरिक ॲसिड बनतं तो घटक) असलेल्या भाज्या आणि डाळींशी मात्र संबंध आढळला नाही, आणि दूधदुभतं खाणाऱ्यांत गाऊट उलट कमी होता. आवर घालायचा तो बियरला, कलेजीला, तारलीसारख्या माशांना आणि गोड शीतपेयांना.

उलट बाजूही आहे. माझ्या मामांचा अंगठा रात्रीत सुजला, त्याच दिवशी रक्त तपासलं आणि आकडा ६.१ आला. ‘युरिक ॲसिड नॉर्मल आहे, हा गाऊट नाही,’ असं सांगून दोन वर्षं त्यांना नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या गेल्या. झटक्याच्या वेळी आकडा उतरलेला असू शकतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायला हवा होता. तसं तपासलं तेव्हा ९ होता, आणि तोवर मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण असलेलं क्रिएटिनीनही वाढलं होतं. अशा माणसाला गोळी लागतेच: थोड्या मात्रेपासून, हळूहळू वाढवत, आणि सुरुवातीला स्फटिक सुटताना झटके येऊ शकतात म्हणून सोबत काही महिने त्यांना आळा घालणारं औषध. दुखणं थांबलं की गोळी सोडायची नसते. मामांनी एकदा सोडली होती. आठ महिन्यांत दुसरा अंगठा सुजला.