मिल्ड्रेड माँटॅग कशातून घडली?

अमेरिकी लेखक रे ब्रॅडबरींची ‘फॅरनहाइट ४५१’ ही पुस्तकांवर बंदी असलेल्या भविष्यातली कादंबरी ऑक्टोबर १९५३ मध्ये आली. पुस्तकं जाळणाऱ्या गाय माँटॅगची बायको मिल्ड्रेड बऱ्याच वाचकांना मठ्ठ बाई म्हणूनच आठवते. हा तिच्यावर अन्याय आहे. ती फक्त चाकोरी इमानाने पाळते, आणि त्या चाकोरीचं सामान तेव्हाच्या अमेरिकी घरांत होतं किंवा येऊ घातलं होतं.

१९५० मध्ये तिथल्या साधारण ९ टक्के घरांत टीव्ही होता, १९५५ पर्यंत जवळपास ६५ टक्के. मिल्ड्रेडच्या दिवाणखान्यात तीन भिंतभर पडदे आहेत. तिसरा लावून दोनच महिने झालेत, तरी तिला चौथा हवा. त्याची किंमत २,००० डॉलर, म्हणजे नवऱ्याचा वर्षाचा एक तृतीयांश पगार. सगळ्यांत बारीक निरीक्षण मात्र नाटकाच्या प्रसंगात आहे. मालाच्या खोक्यांची झाकणं कंपनीकडे धाडून ती नाटकातली स्वतःची भूमिका टपालाने मागवते. साबणवाल्या कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या दुपारच्या रेडिओ मालिकांनी श्रोत्या गृहिणींना झाकणं पाठवून भेटवस्तू मिळवायची सवय आधीच लावली होती. मिल्ड्रेडच्या वाट्याला येतं ते नुसतं होकार भरणं. शंभर डॉलरचं आणखी एक यंत्र निवेदकाच्या तोंडी तिचं नाव घालतं.

कानातल्या ‘शिंपल्यां’बाबत, म्हणजे मिल्ड्रेड कानात घालते त्या इवल्याशा रेडिओंबाबत, क्रम उलटा आहे. कल्पना आधी लिहून झाली होती. मग बेव्हर्ली हिल्समध्ये ब्रॅडबरींना कानात रेडिओची तार घालून चालणारी बाई दिसली. शेजारी नवरा असून नसल्यासारखा. मे १९५३ मध्ये ‘द नेशन’मध्ये त्यांनी हे लिहिलं. मिल्ड्रेड तर कानात शिंपले घालून दहा वर्षांच्या सरावाने ओठांवरून बोलणं ओळखते.

झोपेच्या गोळ्यांचा प्रसंग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तीस गोळ्यांची बाटली रिकामी सापडते. डॉक्टर येतच नाही. दोन कामगार येतात, एका यंत्राने पोट उपसतात, दुसऱ्याने रक्त बदलतात, पन्नास डॉलर घेतात. अशा केसेस एका रात्रीत नऊ-दहा असतात, असं ते सांगतात. सकाळी तिला काहीच आठवत नाही, नुसती भूक लागलेली असते. तिला सुखी म्हणणाऱ्यांनी ही पानं परत वाचावीत.

कादंबरीवरच्या १९६६ च्या चित्रपटात दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफो यांनी तिचं नाव लिंडा केलं. ती आणि माँटॅगला प्रश्न विचारणारी शेजारची क्लॅरिस, दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्तीने केल्या.