शस्त्रक्रियेनंतरही दुखते तेव्हा

"ऑपरेशन झालं ना आता, मग अजून काय दुखतं गं तुला?" एंडोमेट्रिओसिसची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला हा प्रश्न बहुधा पहिल्याच महिन्यात ऐकावा लागतो. तो मायेने विचारलेला असला तरी तिला उलटतपासणीसारखा वाटतो, कारण तिच्याही मनात तोच प्रश्न असतो. नागपुरात रामदासपेठ-धंतोलीच्या दवाखान्यांत किंवा मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, उपचार घेऊन गडचिरोली-चंद्रपूरकडे परतलेल्या बाईजवळ तर हे विचारायला कुणीही नसते. म्हणून हे दुखणे कुठून येते, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, पोटाच्या आतील आवरणावर, आतड्यावर किंवा मूत्राशयावर वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. प्रजननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत या गाठी व चिकटलेले पापुद्रे काढले जातात, आणि त्यासाठी पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवावे लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत खांदा दुखतो तो यामुळेच. उरलेल्या वायूमुळे श्वासपटल चाळवले जाते. त्याची नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जारज्जूखंडांतून निघते आणि खांद्याच्या त्वचेची संवेदनाही याच भागात पोहोचते, त्यामुळे मेंदू दुखण्याचा पत्ता चुकवतो आणि पोटातली कळ खांद्यावर जाणवते. चालू लागल्यावर आणि वायू शोषला गेल्यावर ही कळ आपोआप थांबते.

बाहेरचे टाके एक-दोन आठवड्यांत भरून येतात, पण आतल्या जखमेला त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि आतड्यावरही काम झाले असेल तर तो आणखी लांबतो. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरच्यांना बाई बरी झाली असे वाटते. नागपुरात मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी बादल्या उचलणे हे कुणी जड काम म्हणून मोजतही नाही, परंतु पहिल्या काही आठवड्यांत ते टाळायलाच हवे. शस्त्रक्रियेनंतरची पहिली एक-दोन वेळची पाळी नेहमीपेक्षा अधिक दुखू शकते, आणि केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. मात्र ताप, सतत वाढत जाणारी पोटदुखी, लघवी न होणे, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा एका पायाला सूज यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

खरा कठीण प्रश्न तीन महिन्यांनंतरही न थांबणाऱ्या दुखण्याचा आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 39 स्त्रियांपैकी काहींच्या गाठी पहिल्याच वेळी काढल्या आणि काहींची केवळ दुर्बिणीने तपासणी केली. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील 80 टक्के स्त्रियांना, तर दुसऱ्या गटातील 32 टक्के स्त्रियांना आराम वाटला. शस्त्रक्रियेचा उपयोग होतो हे यातून स्पष्ट होते, आणि गाठी नीट काढूनही पाचांतील एकीचे दुखणे राहते हेही तितकेच स्पष्ट होते. गाठींचा पसारा आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट तर स्त्रीरोगतज्ज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

याचे एक कारण चेतासंस्थेत आहे. निदान होईपर्यंत बहुतेक जणींची अनेक वर्षे दुखण्यात गेलेली असतात. तेवढा काळ संदेश येत राहिले की मज्जारज्जूतील चेतापेशी दुखण्याला सरावत नाहीत, उलट अधिक हळव्या होतात. क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून हे दाखवले. भाजलेल्या बोटाला कोमट पाणीही चटका देते, तसेच भरलेले मूत्राशय किंवा आतड्यातील वायूही अशा बाईला वेदना म्हणून जाणवतो. ही वेदना खरीच असते, कल्पनेतली नसते.

दुसरे कारण ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंत असते. वर्षानुवर्षे कळ सोसताना ते आखडून राहिलेले असतात आणि गाठ काढल्यावरही सैल होत नाहीत, त्यामुळे शौचाला, शरीरसंबंधाच्या वेळी आणि फार वेळ बसल्यावर दुखते. हे शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून स्नायू सैल सोडण्याचा सराव करून घ्यावा, कारण सर्रास सांगितले जाणारे आवळण्याचे व्यायाम अशा वेळी त्रास वाढवू शकतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडून बद्धकोष्ठता झाली की याच स्नायूंवर ताण येतो.

कधी अॅडिनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच अशी ऊती शिरण्याचा आजार, मागे राहिलेला असतो, तर कधी गाठी पुन्हा होतात. तातडीने गर्भधारणेचा विचार नसेल तर शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांच्या गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबी दीर्घकाळ ठेवण्याचा सल्ला देतात तो यासाठीच, आणि बरे वाटताच ते उपचार स्वतःहून बंद करणे मला धोक्याचे वाटते. "पिशवीच काढून टाका" हा सल्ला फार सहज दिला जातो, पण बाहेरच्या गाठी तशाच राहिल्या तर पिशवी काढूनही दुखणे राहू शकते.

दुखणे नेमके कोणते हे ठरवण्यासाठी दोन-तीन महिने रोज दोन ओळी लिहून ठेवाव्यात: कुठे दुखले, पाळीचा कितवा दिवस होता, लघवी-शौचाशी संबंध होता का, कशाने कमी झाले. पाळीबरोबर वाढणारे आणि रोजचे जळजळणारे दुखणे यांचे उपचार वेगळे असतात. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा विषय निघाल्यास ही वही, पहिल्या शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद, काढलेल्या ऊतीचा तपासणी अहवाल आणि मिळाल्यास शस्त्रक्रियेचे चित्रण सोबत न्यावे. कोणत्या गाठी काढल्या आणि कोणत्या मुद्दाम ठेवल्या, हे नव्या डॉक्टरांना त्या कागदांवरूनच समजते.